वर्गणीची यादी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे वेगळी दिसते, नावांचा कचरा होतोय, काय करू?

चाळकरी_गिरगाव:
नमस्कार मंडळी. गणपती तोंडावर आलेत आणि आमच्या मंडळाची वर्गणीची यादी हाताबाहेर गेलीये म्हणून विचारतेय. आमचं मंडळ काही केशवजी नाईक चाळीसारखं १८९३ पासूनचं नाही, छोटंच आहे, पण चाळ आणि शिवाय विरार-डोंबिवलीला गेलेली जुनी बिऱ्हाडं धरली की यादी बरीच लांब होते. साधी टेक्स्ट फाइल आहे, एका ओळीत खोली, नाव, रक्कम, मध्ये स्वल्पविराम, बस.

तर ही फाइल तीन ठिकाणी फिरते. मंडळाच्या ऑफिसात जुना पीसी आहे विंडोज ७ चा, तिथे खजिनदार काका नोटपॅडमध्ये भरतात, माझ्याकडे मॅक आहे, आणि भाच्याकडे लिनक्स, त्याने पायथॉनची स्क्रिप्ट लिहिलीये ती पावत्या काढते. आता काय होतं बघा, मी मॅकवरून पाठवलेली फाइल काकांकडे अख्खी एकाच ओळीत दिसते, सगळी चाळ एका खोलीत. कुणीतरी ती एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए आणि गोल गोल चिन्हं. एका कॉपीत तर नुसती प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. मी काकांना म्हटलं सेव्ह करताना यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) निवडा, ते त्यांनी केलं, तर आता भाच्याची स्क्रिप्ट म्हणते 'खोली' नावाचा कॉलमच नाही, आणि पहिल्या ओळीत पहिलाच शब्द 'खोली' आहे हो! वर आणखी एक गंमत, कऱ्हाडकर शोधलं तर सापडत नाही, डोळ्यासमोर दिसतंय तरी. त्यामुळे त्यांची पावती दोनदा फाटली आणि ते चिडलेत.
एडिटर बदलू का? कुठला घेऊ जो तिन्हीकडे नीट चालेल?

स्लो_लोकल:
२०१० मध्ये राहताय का ताई 😄 गूगल शीट करा, लिंक पाठवा, विषय संपला.

चाळकरी_गिरगाव:
@स्लो_लोकल ऑफिसात नेट नाही, तळमजल्यावर मोबाइलला रेंज पण येत नाही. आणि काका शीट बघून म्हणाले यात माझी यादी कुठे सेव्ह झाली ते दाखव. म्हणून फाइलच हवीये.

मुलुंड_टर्मिनल:
ताई एडिटर बदलून निम्मंच काम होईल, कारण एडिटर फक्त दाखवतो, घोळ फाइलच्या आतल्या बाइटमध्ये, म्हणजे अक्षरं ज्या आकड्यांत साठतात त्यांत आहे आणि तुमच्याकडे एक नाही, चार-पाच वेगवेगळे घोळ एकत्र आलेत. आधी एक काम करा, आहेत त्या सगळ्या कॉप्या एका फोल्डरमध्ये टाका आणि कुणीही कुठेही कंट्रोल एस दाबायचं नाही असं काकांना सांगा. कारण कचरा दिसणं आणि प्रश्नचिन्ह दिसणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

कचरा म्हणजे तो रेघवाला ए. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ नाहीतर ए५. एक्सेलला कुणी सांगितलं नाही की ही यूटीएफ-८ आहे, तर ते विंडोजचं १२५२ कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा जुना तक्ता) धरून बसतं, आणि त्यात ई० म्हणजे तोच रेघवाला ए, ए४ म्हणजे ते गोल चलनाचं चिन्ह, ए५ म्हणजे जपानी येन. म्हणजे डेटा शाबूत आहे, वाचायचा चष्मा चुकलाय. सेव्ह न करता बंद करा आणि एक्सेलमध्ये डबल क्लिक करण्याऐवजी डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट घ्या, फाइल ओरिजिनला ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा, नावं जशीच्या तशी येतील. कुणी तो कचराच सेव्ह करून ठेवला असेल तरी बहुतेक वेळा उलटं फिरवता येतं, फक्त हलन्त, झ आणि ए सांभाळा, यांचा शेवटचा बाइट १२५२ मध्ये कुठल्याच अक्षराला दिलेला नाही त्यामुळे काही प्रोग्राम तो मधल्यामध्ये गिळतात आणि मग जोडाक्षरं तुटतात.

प्रश्नचिन्हं मात्र गेली म्हणजे गेली. विंडोज ७ चं नोटपॅड डिफॉल्ट ॲन्सीमध्ये, म्हणजे तसल्याच जुन्या कोडपेजमध्ये सेव्ह करतं, आणि मराठी-हिंदीला विंडोजमध्ये ॲन्सी कोडपेज मुळात नाहीच, त्यामुळे प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ते आधी इशारा देतं, युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना एकेक नंबर देणारी पद्धत) अक्षरं जातील म्हणून, पण इंग्रजीतली लांबलचक खिडकी आली की आपली माणसं ओके दाबतात. एक्सेलमधून नुसतं 'सीएसव्ही' असं सेव्ह केलं तरी हेच होतं, तिथे 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे तो घ्यायचा. तुमची ती कॉपी एडिटरने परत येणार नाही, मेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर जुनी पाठवलेली शोधा. अगदीच नाही मिळाली तर खोली नंबर शाबूत असतील ना, इंग्रजी आकड्यांत असतील तर असतीलच, आणि प्रश्नचिन्हं मोजली तर नावात किती चिन्हं होती ते कळतं, कऱ्हाडकरची आठ येतात, क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, क, र. चाळीतल्या माणसाला एवढं पुरतं.

सगळं एका ओळीत येतं तो वेगळा प्रकार. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं टाकतं, सीआर आणि एलएफ, मॅक-लिनक्स फक्त एलएफ (अगदी जुने मॅक फक्त सीआर टाकायचे). नोटपॅडला नुसतं एलएफ कळायला २०१८ उजाडलं, विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून कळतं, तुमच्या ७ ला कधीच कळणार नाही. त्या पीसीवर नोटपॅड प्लस प्लस टाका, फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून पण टाकता येतं, एडिट मेन्यूत ईओएल कन्व्हर्जन (ओळ संपवायची चिन्हं बदलणं) आहे तिथे युनिक्स करून ठेवा. फक्त त्याच्या एन्कोडिंग मेन्यूत एक खड्डा आहे जिथे सगळे पडतात, वरचे पर्याय 'ही फाइल अशी समजून वाच' म्हणतात आणि खालचे 'कन्व्हर्ट टू' वाले बाइट खरंच बदलतात. कचरा दिसतोय तेव्हा वरचा निवडायचा. खालचा निवडलात तर कचरा पक्का झाला.

आता 'खोली'. नोटपॅडची जुनी व्हर्जन्स यूटीएफ-८ म्हटलं की फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटवतात, ईएफ बीबी बीएफ, त्याला बॉम म्हणतात. दिसत नाही पण आहे, म्हणून स्क्रिप्टच्या दृष्टीने पहिल्या कॉलमचं नाव 'खोली' नसून 'काहीतरी अधिक खोली' आहे. बॉम न लावता सेव्ह करणं नोटपॅडला विंडोज १० च्या १९०३ पासून जमायला लागलं. आणि वैताग असा की एक्सेल याच बॉममुळे फाइल बरोबर ओळखतं, म्हणजे काढला तर एक्सेल रुसतं, ठेवला तर स्क्रिप्ट. भाच्याला सांगा फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-एसआयजी' लिही, पायथॉन मग बॉम असेल तर खातं, नसेल तर गप्प बसतं. काकांना काहीच सांगायला नको, तेच बरं.

प्रेसवाला_लालबाग:
मुलुंडकरांनी बाकी सगळं घेतलं, कऱ्हाडकर राहिले. डीटीपीत असल्यामुळे हा माझा रोजचा छळ आहे म्हणून लिहितो. हा प्रकार मराठीतच जास्त भोवतो कारण ऱ्ह आणि ऱ्य मधला तो आडवा र. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने टाइप होतो आणि दिसायला डिट्टो सारखा. एक म्हणजे टिंबवाला ऱ मग हलन्त, दुसरं म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे नावाचा अदृश्य जोडणारा. काकांचा कीबोर्ड एक तऱ्हा टाकत असेल, तुमचा दुसरी. शोधताना कॉम्प्युटर चिन्हं जुळवतो, त्याच्यासाठी हे दोन वेगळे कऱ्हाडकर आहेत आणि दोघांच्या वेगळ्या पावत्या.

ओळखायचं असेल तर ऱ्ह च्या नंतर कर्सर ठेवून नोटपॅडमध्ये बॅकस्पेस एकेकदा दाबत जा, शेवटी टिंबवाला ऱ उरला तर पहिली तऱ्हा, साधा र उरला तर दुसरी. मग एक तऱ्हा ठरवा (पहिली घ्या, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट जे, मग डी) आणि दुसरी सगळीकडे फाइंड-रिप्लेस करून टाका. गोऱ्हे, बोऱ्हाडे, वऱ्हाडपांडे, सगळे यात आले. भाचा म्हणेल एनएफसी नॉर्मलायझेशन (सुटी चिन्हं युनिकोडच्या नियमाने जुळवणं) करतो, करू दे, पण त्याने झेडडब्ल्यूजेवाली तऱ्हा बदलत नाही, ते हातानेच करावं लागतं. एनएफसीचा उपयोग तिसऱ्या प्रकाराला, र आणि खाली सुटा नुक्ता (टिंब), तो जुळून ऱ होतो. आणि तो येतो कुठून, तर बऱ्याचदा मॅकच्या फाइलच्या नावातून! एचएफएस प्लस म्हणजे २०१७ च्या आधीची मॅकची डिस्क नावातला ऱ फोडून ठेवते, म्हणून 'बिऱ्हाडं' नावाची फाइल लिनक्सवर नेली की स्क्रिप्ट म्हणते अशी फाइल नाही. फाइलचं नाव इंग्रजीतच ठेवा, आतलं मराठी पुरे.

आणि ताई, स्मरणिकेसाठी हीच यादी प्रेसला देणार असाल तर आधी विचारा त्यांना युनिकोड चालतं का. अजून कितीतरी ठिकाणी जुन्या फॉन्टवर काम चालतं, तिथे आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी चित्र चढवतो, तशी फाइल परत आली तर तो कचरा कुठल्याही एन्कोडिंगने सुटत नाही, कन्व्हर्टरच लागतो.

चाळकरी_गिरगाव:
खूप खूप आभार दोघांचे 🙏 एक्सेलवाली नावं ६५००१ ने आली. प्रश्नचिन्हवाल्या कॉपीची जुनी फाइल काकांच्या मुलाच्या मेलमध्ये निघाली. स्क्रिप्टला भाच्याने ते एसआयजी लावलं, 'खोली' सापडली. कऱ्हाडकर खरंच दोन तऱ्हांचे निघाले, आणि गंमत म्हणजे एका पावतीवर कऱ्हाडकर काकूंचं नाव होतं म्हणून त्या म्हणतात दुसरी पावती राहू द्या, देणगी समजा.
दोन शंका. माझ्या मॅकवर टेक्स्टएडिटमध्ये सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होतात आणि स्क्रिप्ट त्यावर अडते, ते कसं थांबवू? आणि भाच्याच्या टर्मिनलमध्ये विम (त्याचा एडिटर) उघडला की वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी सुटी दिसतात, फाइल परत बिघडली का?

मुलुंड_टर्मिनल:
बिघडली नाहीये. मात्रा जुळवायचं काम टर्मिनलचं, आणि बरीच टर्मिनल देवनागरीला ते करतच नाहीत, विमचा दोष नाही. त्याला म्हणावं व्हीएस कोडमध्ये उघडून बघ, किंवा ईमॅक्स असेल तर २७ किंवा पुढचं, त्यात अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे, नीट दिसतं. दिसतंय वाईट म्हणून तिथे हाताने 'दुरुस्ती' करायला जाऊ नये एवढंच सांभाळ म्हणा.

टेक्स्टएडिटमध्ये एडिट मेन्यू, सब्स्टिट्यूशन्स, स्मार्ट कोट्स आणि स्मार्ट डॅशेस दोन्हीवरची खूण काढा. आणि फॉरमॅट मेन्यूत मेक प्लेन टेक्स्ट आहे ना ते बघा, नवीन फाइल डिफॉल्ट रिच टेक्स्ट असते, तशी सेव्ह झाली तर स्क्रिप्टला नावांऐवजी फॉन्टची माहिती वाचायला मिळेल. सेटिंगमध्ये जाऊन कायमचं प्लेन करून टाका.

स्लो_लोकल:
ऑफिसात वायफाय घ्या हो, वर्गणीतून 😄

चाळकरी_गिरगाव:
@स्लो_लोकल खजिनदार काकांना तुम्ही विचारा, मी पत्ता देते.