मण्यांची मगर: पायापाशी तार तुटते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, पंचवटीत राहते. रुखवतासाठी मण्यांचं तोरण केलंय, पण प्राणी पहिल्यांदाच करतेय. भाचीला वाढदिवसाला बोटभर लांबीची मगर द्यायची आहे, आणि तिने हिरवीच हवी असं बजावलंय.

११ नंबरचे काचेचे मणी (साधारण २ मिमी) आणि ०.३ मिमीची तार घेतली आहे. नाकाच्या मण्यापासून सुरुवात केली. मग प्रत्येक ओळीचे मणी तारेच्या एका टोकात ओवायचे आणि दुसरं टोक त्यांच्यातूनच उलट बाजूने काढून दोन्ही टोकं ओढायची. दोन, तीन, चार असं वाढवत डोकं छान जमलं. काळे डोळे बसवले तेव्हा तर ती खरंच माझ्याकडे बघतेय असं वाटलं!

अडतंय ते पायांशी. पायाचे मणी ओवून, बोटाचा शेवटचा मणी सोडून तार परत त्याच मण्यांतून मागे घेते. तिथे तारेला पीळ पडतो आणि ओढली की तुटते. दोनदा सगळं उसवलं. शिवाय पोटाच्या ओळी सैल पडून मधली तार दिसते.

पायांना वेगळी तार जोडावी का? जोडली तर टोकं कुठे लपवायची, भाचीच्या बोटांना टोचायला नकोत. की तारेऐवजी सरळ तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरू? पण मग शेपटीला बाक राहील का? मेन रोड, दहीपुलाकडे बारीक, मऊ तार कुठे मिळते तेही सांगा. वाढदिवस पुढच्या रविवारी आहे.