उत्तर: मॉडेल चुकलं की माणसं?

‘लोक नियम पाळत नाहीत म्हणून साथीचा अंदाज बांधणारी गणिती मॉडेल चुकतात’ हे या चर्चेतलं म्हणणं मला अर्धंच पटतं. गंमत म्हणजे, ज्याच्यावर इथं सगळे तुटून पडलेत त्या एसआयआर मॉडेलची (लोकांचे ‘लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले’ असे तीन गट धरणाऱ्या गणिताची) पहिली परीक्षा मुंबईच्याच आकड्यांवर झाली. हे मॉडेल मांडणाऱ्या केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधात डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले मुंबईतले प्लेगचे आठवडी मृत्यू एका घंटाकृती रेषेवर बसवलेत, आणि ते बसतातही झकास! पण त्यात माणूस जवळपास नाहीच. गृहीत असं की प्लेग उंदरांत पसरतो, माणसांतला प्लेग ही त्याची सावली, आणि संसर्गाचा दर कायम. यातलं काहीच तंतोतंत खरं नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. इकडे प्रत्यक्षात १८९६-९७ च्या साथीत लाखो लोक मुंबई सोडून गेले होते. सक्तीनं इस्पितळात नेतील, जात बाटेल या धास्तीनं घरोघरी रोगी लपवले जात होते. हे कुठल्या समीकरणात बसवणार?

बसवता येतं मात्र. इटलीतल्या बारी शहरात १९७३ साली कॉलरा आला, त्यानंतर १९७८ मध्ये कपासो आणि सेरिओ या इटालियन गणितज्ञांनी संसर्गाचा दर कायम न धरता तो रुग्णसंख्येवर अवलंबून ठेवला: रुग्ण फार वाढले की लोक आपसूक जपून वागतात, गाठीभेटी कमी होतात. त्यामुळे ‘लोक ऐकत नाहीत’ ही सबब मला लंगडी वाटते. लोक घाबरतातही, आणि ते घाबरणं गणितात धरता येतं. अफवा आणि सरकारवरचा अविश्वास कसा मोजायचा, हा खरा अवघड भाग.