पत्त्यांची जादू शिकताना : आपापले अनुभव

उन्हाळ्याची सुट्टी, दुपारचे ओढलेले पडदे, गादीवर झब्बू नाहीतर मेंढीकोट. त्याचा कंटाळा आला की एखादा मामा एकवीस पत्ते मोजून घ्यायचा. सात-सातच्या तीन ओळी. "तुझा पत्ता कुठल्या ओळीत?" ती ओळ मधे घालायची, पुन्हा वाटायचं, असं तीनदा. मग अकरावा पत्ता काढून मामा मिशीतल्या मिशीत हसायचा. बहुतेकांची जादू तिथंच संपते. माझीही संपली होती, चांगली पंचवीस वर्षं.

काहीजण मात्र मोठेपणी पुन्हा पत्त्यांचा कॅट हातात घेतात. त्यांच्यासाठी हा धागा. कसं सुरू केलंत, कुठे अडलात, कुणी पकडलं, आता काय करता, मोकळेपणाने लिहा. अट एवढीच की गुपितं पार उघडी करू नका (एकवीस पत्त्यांचं सोडा, ते जगजाहीर आहे). नाव नको, राहता कुठे तेवढं पुरे. सुरुवात मीच करतो.

कोथरूड

२०२० ची टाळेबंदी. मीटिंगमधे कॅमेरा बंद आणि टेबलाखाली हातात पत्ते. पहिले दोन महिने मी व्हिडिओ बघून रोज नवा खेळ शिकायचो आणि आठवड्याने विसरायचो. तीसेक खेळ 'येत' होते, दाखवण्यासारखा एकही नव्हता. शेवटी सगळं सोडून एकच गोष्ट धरली, डबल लिफ्ट. वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटायचे. ऐकायला किरकोळ, पण सहा महिने गेले. दोन पत्त्यांखाली करंगळीच्या टोकाचं मांस जेमतेम अडकवून फट राखायची असते. मी ती इतकी आवळून धरायचो की नख पांढरं पडायचं. आईला मोठ्या ऐटीत खेळ दाखवला, तर तिने पत्त्याकडे बघितलंच नाही. म्हणाली, "करंगळीला काय झालंय रे? कापलीये का?"

दुसरी अडचण म्हणजे "परत कर". तोच खेळ लगेच पुन्हा करू नये, हे सगळीकडे सांगतात. पण एक खेळ असा आहे की त्यात पुन्हा करणं हाच खेळ. निवडलेला पत्ता मधे खुपसायचा, तो वर येतो. पुन्हा खुपसायचा, पुन्हा वर. १९२२ मधे डाय व्हर्नन या कॅनडाच्या माणसाने हूडिनी या नावाजलेल्या जादूगाराला हाच दाखवला होता. कुठलाही खेळ तीनदा बघितला की मी ओळखतो, अशी हूडिनीची बढाई. त्याला हा ओळखता आला नाही. मी अजून तेवढ्यावरच आहे. आई आता करंगळीबद्दल विचारत नाही, एवढी प्रगती.

सदाशिव पेठ

वय ६६, बँकेतून निवृत्त. नोकरीतली निम्मी वर्षं कॅशमधे गेली, त्यामुळे कॅट हातात घेतला तेव्हा भाच्याने विचारलं, "मावशी, आधी शिकली होतीस का?" अहो, नोटा मोजण्याची बोटं ही! एकेक पत्ता सरकवणं, कडा ठोकून सारख्या करणं, हे मला आयतंच आलं. वैताग दुसराच. ओल्या स्पंजची सवय इतकी की पत्ता वाटायच्या आधी बोट आपसूक जिभेकडे जायचं. भाचा ओरडायचा, "ई, मावशी!"

सांधे दुखतात, त्यामुळे तळहातात पत्ता लपवणं वगैरे माझ्याच्याने होत नाही. मी खुणेच्या पत्त्याचे खेळ करते. तळाचा एक पत्ता गुपचूप बघून ठेवायचा, बाकी काम तोच करतो. हात चलाख लागत नाहीत, चेहरा मात्र लागतो. भाच्याने मोबाइलवर चित्रण करून दाखवलं तेव्हा माझं मला हसू आवरेना. संशयित नोट उजेडात धरून बघावी तशी मी तो पत्ता बघत होते, भुवया कपाळात! पंधरा दिवस आरशासमोर बसले, पण फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. पत्ता बघायच्या क्षणी मी आता भिशीतल्या बायकांना विचारते, "चहा कोण टाकतंय?" सगळ्या माना स्वयंपाकघराकडे.

शाळेत असताना जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहिला होता. तेव्हा वाटलं होतं, सगळी करामत त्या झगमगाटात आणि पेट्यांत असणार. आता वाटतं, त्या माणसाच्या बोलण्यात जास्त होती. घरात मात्र अजून एक मोठे दीर आहेत, कॅट दिसला की म्हणतात, "वहिनी, जुगार काढला वाटतं."

कर्वेनगर

इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष. मी डायरेक्ट फारो शफलला हात घातला, म्हणजे उलटीकडूनच सुरुवात. कॅट बरोबर २६-२६ असा कापायचा आणि दोन्ही भाग एकाआड एक विणायचे. वरचा पत्ता वरच राहील असं आठ वेळा बिनचूक केलं की बावन्न पत्ते मूळ क्रमाला परत येतात. गणितच आहे ते. हॉस्टेलवर चार महिने घासलं. नजरेने २६ कापता येणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात निरुपयोगी कौशल्य. पावसाळ्यात तर पत्ते दमट होऊन फुगले, विणलेच जाईनात.

शेवटी कट्ट्यावर आठच्या आठ जमले. मान वर केली तर दोघं मोबाइलवर, एक सिगारेट आणायला गेलेला, आणि चौथा म्हणाला, "म्हणजे पहिल्यासारखेच झाले ना? मग केलं काय?" बरोबरच होतं त्याचं.

मग गिलब्रेथचं तत्त्व सापडलं, १९५८ चं. पत्ते आधी ठरावीक पद्धतीने लावून ठेवायचे (कसे ते सांगत नाही), पिसायला समोरच्यालाच द्यायचे, आणि तरी प्रत्येक जोडीत एक लाल एक काळा निघतो. हाताचं कौशल्य शून्य. तेव्हा मात्र सिगारेटवाला परत येऊन खाली बसला.

हडपसर

मी डावखुरा, शाळेत शिकवतो. कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. पत्त्यावर आकडे दोनच कोपऱ्यांत असतात, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. तुम्ही लोक पंखा पसरता तेव्हा आकडे दिसतात. मी माझ्या हाताने पसरला की नुसते कोरे कोपरे. "घ्या, निवडा" म्हटलं की मुलं विचारायची, "सर, काय निवडू?" वर्षभर उजव्या हाताने करून बघितलं, पत्ते बाकांखाली पसरले. चारही कोपऱ्यांत आकडे असलेला कॅट मिळाल्यावर सुटलो. व्हिडिओ आरशात धरून बघतो, म्हणजे त्यातला माणूसही डावखुरा होतो.

सिंहगड रोड

सोसायटीच्या गणपतीत मी पाकिटात 'चौकट दश्शी' लिहून ते मूर्तीशेजारी ठेवलं आणि माइकवरून जाहीरही केलं. समोरच्याला वाटतं पत्ता आपण निवडला, प्रत्यक्षात आपणच गळ्यात मारलेला असतो, तो फोर्स मला घरी दहातले नऊ वेळा जमत होता. दुसरीतल्या एका पोराने माझ्या पुढे केलेल्या पत्त्याकडे ढुंकूनही न बघता कडेचा उपटला. किलवर तिर्री. पाकीट उघडावंच लागलं. शिवाय मागच्या रांगांना पत्ते दिसतच नव्हते, त्यांना कळलंही नाही की काय फसलं. चार हातांपलीकडे पत्ते दाखवू नयेत हे त्या दिवशी शिकलो. आणि शेवट आधी सांगायचा नाही हेही. आता चुकीचा पत्ता गेला तर मी निमूट दुसऱ्या खेळाकडे वळतो. काय होणार होतं हे कुणाला ठाऊकच नसतं.

कोथरूड (पुन्हा मी)

कुठला कॅट घ्यावा, असं दोघांनी विचारलंय. रमीचे गुळगुळीत प्लास्टिकचे नकोत, बोटातून निसटतात. कागदी घ्या. बायसिकल या ब्रँडचे चालतील, ऑनलाइन मिळतात. हात लहान असेल तर पोकर आकाराचा पत्ता रुंद वाटेल, थोडा अरुंद ब्रिज आकार बघा. कर्वेनगरवाल्याचं खरं आहे, जुलैत सगळे पत्ते पापडासारखे वळतात. मी स्टीलच्या डब्यात ठेवतो, बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या टाकून. आईने एकदा मेथीदाण्याचा डबा समजून उघडला होता.

सदाशिव पेठ

ओल्या बोटाने पत्ते चिकटतात, हेही लिहा. कडक शब्दांत लिहा.