‘दऱ्या’ शोधलं की निम्मीच पुस्तकं सापडतात, असं का?

सूचीकार
नमस्कार मंडळी. वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर चढवली आहे. ‘दऱ्या’ शोधलं की निम्मीच पुस्तकं येतात. काही नावांत तर ‘दऱ्याखोऱ्यांत’चं ‘दर्याखोर्यांत’ झालंय. शिवाय छापील यादीत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. टंकनाची चूक की आणखी काही?

अक्षरजुळारी
टंकनाची चूक नाही. ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ (यू+०९३१, म्हणजे युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीतला त्याचा क्रमांक), हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), य, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी), य. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे.

खरा घात पुढे होतो. मजकूर ‘स्वच्छ’ करताना बऱ्याच प्रणाली अदृश्य चिन्हं काढून टाकतात. मग दऱ्यांचा दर्या होतो, आणि आचाऱ्यांना दिलेला शिधा आचार्यांना पोचतो! म्हणून क्रम पाळा. आधी मूळ सूचीची प्रत ठेवा. मग ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ जिथे असेल तिथे ‘ऱ, हलन्त’ घाला. उरलेली अदृश्य चिन्हं त्यानंतरच काढा. शोधपेटीत येणाऱ्या शब्दालाही हेच लावा, नाहीतर सूची सुधारूनही शोध फसेल. जोडचिन्ह आधीच उडालंय, ती नावं हातानेच तपासावी लागतील. सूर्य, कार्य बरोबरच असतात, त्यामुळे सरसकट बदल करू नका.

यापुढे टंकताना इनस्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ: थेट ऱ्य.

शोधयंत्री
एक भर. शोधयंत्रात मराठीसाठी हिंदीचा साचा (शोधण्याआधी शब्द एकसारखे करणारे नियम) लावलाय का, ते बघा. ल्यूसीन या शोधप्रणालीचा हिंदी साचा ऱ चा र करतो, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) काढतो आणि दीर्घ ईकार ऱ्हस्व करतो. म्हणजे ‘दीन’ आणि ‘दिन’ एकच. हिंदीत क़ आणि क एकत्र शोधता यावेत म्हणून नुक्ता काढणं रास्त आहे. पण युनिकोडच्या लेखी ऱ म्हणजे र अधिक नुक्ता. मजकुराचं विघटन करून, म्हणजे अक्षर आणि नुक्ता सुटे करून, नुक्ते काढले की आपला ऱ्य गेलाच. मराठीचं वाईट कुणी चिंतलं नव्हतं, तरी फटका मराठीलाच बसला.

वळणदार
ल-श बद्दल. युनिकोडमध्ये ल एकच, यू+०९३२. वळण फाँट ठरवतो. विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आलेल्या मंगल फाँटमध्ये हिंदी वळणाचा ल होता. कचेरीतली पत्रं, शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यातच निघाल्या आणि मुलांच्या डोळ्यांना तेच वळण सवयीचं झालं. लिपीतला एवढा मोठा बदल कुठल्याही सभेत चर्चेला न येता घडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाकळीचा ल आणि देठाचा श, म्हणजे मराठी वळणाचे, वापरा, हे राज्य सरकारला शासन निर्णय काढून सांगावं लागलं.

उपाय सोपा आहे. नोटो सान्स देवनागरी या फाँटमध्ये दोन्ही वळणं आहेत, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. संकेतस्थळाच्या पानावर भाषेच्या खुणेत ‘एचआय’ (हिंदी) असेल तर ‘एमआर’ (मराठी) करा आणि फाँट पानासोबतच पाठवा. वाचकाच्या फोनवर तो असेलच असं नाही. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून अक्षरांच्या मांडणीत भाषा मराठी करा. मग एकच पान छापून ‘लाल शाल’ हे शब्द नीट बघा.

सूचीकार
भाषेची खूण ‘एचआय’च निघाली. बदलल्यावर ल, श जागेवर आले. ऱ्य ची अदलाबदल आता प्रतीवर करून बघतो.