रिंगेचा हुक आडव्या सळईला धरलाच पाहिजे, 'जागा नाही' ही सबब नको

गोदाकाठ
सिंहस्थ तोंडावर आलाय, नाशिकमध्ये पुलांची कामं घाईत आहेत, म्हणून आत्ताच लिहितो. परवा एका यार्डात पीएससी गर्डरचा (आतल्या ताणलेल्या केबलींनी दाबात ठेवलेल्या काँक्रीट तुळईचा) सळयांचा पिंजरा पाहिला. वेबमधल्या (तुळईच्या उभ्या पातळ भागातल्या) १२ मिमी रिंगांचे (लांब सळयांना वेढणाऱ्या वाकवलेल्या सळयांचे) खालचे पाय ९० अंशात वळवलेले, पण वळणापुढचं टोक जेमतेम दोन बोटं. वळणाच्या आत आडवी सळईच नाही, पाय थेट केबलच्या शीथिंगवर (केबल ज्यातून जाते त्या नळीवर) टेकलेला. आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) प्रमाणे ९० अंशाला वळणापुढे सळईचे ८ व्यास, म्हणजे ९६ मिमी लागतात; १३५ ला ६ व्यास, ७२ मिमी. शिअरची (तुळई कातरू पाहणाऱ्या बळाची) तिरकी भेग टोकाजवळून गेली की असा पाय काँक्रीटमधून सुटून येतो आणि हिशोबात धरलेली रिंग असून नसल्यासारखी होते. माझं मत: सरसकट १३५ अंशाचे हुक, नाहीतर ओतकाम थांबवा.

यार्डवाला
दोन बोटांचं टोक चूकच, त्यावर वाद नाही. पण सरसकट १३५ ला माझा ठाम विरोध. एक तर पुलाला आयआरसी ११२ (काँक्रीट पुलांचा कोड) लागतो, ४५६ नाही. दुसरं, खालच्या फ्लँजमध्ये (तुळईच्या तळाच्या रुंद भागात) शीथिंग, कोपऱ्याच्या सळया आणि त्यात आत वळलेले हुक आले की नीडल (काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर) खाली उतरतच नाही. शटर काढल्यावर शीथिंगखाली मूठ जाईल एवढं हनीकोंब (काँक्रीट न पोचल्यानं राहिलेली पोकळी) मी स्वतः फोडून भरलंय. त्या पोकळीत १३५ चा हुक तरी कशाला धरणार? शिवाय सपोर्टजवळ केबल वर चढलेली असते, बराच शिअर तीच घेते.

गोदाकाठ
कोड तुम्ही बरोबर सांगितलात. केबलचं मात्र पटत नाही. तिच्या ताणाचा उभा घटक डिझाइनमध्ये शिअरमधून आधीच वजा केलेला असतो. उरलेला वाटा रिंगेचा. एकच मदत दोनदा कशी मोजायची?

सळईकाम
मी पिंजरे बांधतो. केबल बसल्यावर १३५ चा हुक आत घालता येत नाही, हे खरं. पण यू रिंग आधी लावून तिच्या दोन्ही कोपऱ्यांत सळई बांधली तर हुकाची गरजच पडत नाही. ड्रॉइंगवर क्रम लिहून द्या, आम्ही तसंच करू. आम्हाला क्रम कुणी सांगत नाही.

पूलनिरीक्षक
कॅनडातल्या लावाल शहरात २००६ मध्ये पूल कोसळून ५ माणसं गेली. चौकशीत इतर कारणांबरोबर हेही निघालं, की टोकाजवळच्या यू सळया वरच्या मुख्य सळयांना धरलेल्याच नव्हत्या. पूल १९७० चा. म्हणजे चूक ३६ वर्षं काँक्रीटमध्ये झाकलेली राहिली.

यार्डवाला
सळईकाम दादांचं मला मान्य, यू रिंग आधी. १३५ च्या सक्तीला विरोध कायम. ९० चं वळण, पूर्ण लांबीचं टोक आणि आत सळई एवढं असेल तर मी ओतकामाला हो म्हणेन.

गोदाकाठ
मग ओतकामाआधी प्रत्येक गर्डरच्या दोन्ही टोकांना, सपोर्टपासून पहिल्या दोन मीटरमध्ये, एकेका वळणाला टेप लावायची. फोटो नव्हे, टेप.