मदत हवी आहे: फ्रॅक्टल कॉम्प्रेशनचा वेग कसा वाढवू?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला हौसेनं फ्रॅक्टल इमेज कॉम्प्रेशन घेतलं (फोटोचा प्रत्येक तुकडा त्याच फोटोतल्या मोठ्या तुकड्यावरून कसा बनवायचा, एवढंच साठवायचं). हौस फिटली, सबमिशन राहिलंय.

चाचणीला रंकाळ्याचा मीच काढलेला फोटो, २५६×२५६, ग्रेस्केल. पद्धत जॅकविन या संशोधकाची: ८×८ चे १०२४ रेंज ब्लॉक (बनवायचे तुकडे), आणि प्रत्येकाशी जुळणारा १६×१६ चा डोमेन ब्लॉक त्याच फोटोत शोधायचा, निम्मा करून, आठ प्रकारे फिरवून-उलटवून, कॉन्ट्रास्ट-ब्राइटनेस जुळवून. डोमेन एकेक पिक्सेल सरकवला तर ५८,०८१ जागा. गुणाकार केला आणि डोळे पांढरे झाले: साडेसत्तेचाळीस कोटींच्या वर तुलना! त्यात माझे पायथनचे फॉर लूप. रात्री लावून झोपलो, पहाटे लाईट गेली, सगळं पाण्यात. (मधेमधे सेव्ह करायची अक्कल नंतर आली.)

उलगडणं (साठवलेले नियम पुन्हा पुन्हा लावून फोटो परत मिळवणं) मात्र नाद खुळा! काळ्याकुट्ट चौकोनापासून सुरुवात केली तरी आठ-दहा फेऱ्यांत रंकाळा उभा राहतो. दुखणं सगळं शोधण्यातच आहे.

आठ-आठ पिक्सेलच्या उड्या मारून बघितलं. डोमेन ९६१ उरले, वेळ साठाव्या हिश्शावर आला. पाणी-आभाळ ठीक, पण शालिनी पॅलेसच्या कमानींचा पार भुगा झाला. आता फिशर या संशोधकासारखे ब्लॉकचे ७२ वर्ग पाडू (आणि फक्त त्याच वर्गात शोधू), की साऊपे या दुसऱ्या संशोधकाच्या वाटेनं जवळचा शेजारी, म्हणजे आकड्यांनी सर्वांत जवळचा ब्लॉक, थेट शोधू? हातात दहा दिवस आहेत.

प्रतिसाद १

वर्ग नंतर पाड, आधी लूप काढ. प्रत्येक ब्लॉकमधून त्याची सरासरी वजा कर आणि लांबी १ कर. मग कॉन्ट्रास्ट-ब्राइटनेसचं गणित दर वेळी सोडवावं लागत नाही. रेंज आणि डोमेनचा डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीनं पिक्सेल गुणून केलेली बेरीज), चिन्ह सोडून, ज्याचा सर्वांत मोठा तो डोमेन जिंकला. म्हणजे सगळा शोध एक मॅट्रिक्स गुणाकार, नमपायला (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सोपव. डोमेनचे तुकडे पाडून दे, नाहीतर मेमरी फुटेल.

आभाळाच्या सपाट ब्लॉकना शोधूच नकोस, नुसती सरासरी साठव. लांबी १ करताना तिथला बारीक कचराच मोठा होतो. वाचलेला वेळ कमानींना दे: तिथं क्वाडट्रीनं (न जुळणाऱ्या ब्लॉकचे चार तुकडे करत) ४×४ पर्यंत उतर.

धागाकर्ता

सपाट ब्लॉकचं डोक्यातच आलं नव्हतं, दादा. निम्मा फोटो तर पाणीच आहे! आज रात्री बसतो. कॉन्ट्रास्टचा गुणक १ च्या वर गेला तर तो डोमेन टाकून द्यायचा, की १ वर आणून ठेवायचा?