मदत हवी आहे: १९७१ ची फियाट, ‘सगळं कंपनी फिटिंग’ खरं की खोटं?

मंडळी, नमस्कार.

सोलापुरात अक्कलकोट रोडला ओळखीतल्या एका घरी फियाट ११०० डी उभी आहे. आजोबांची गाडी, नातू विकतोय. आर.सी. बुकात साल १९७१. नातवाचं म्हणणं, "काका, एक स्क्रू बदललेला नाही." आमच्या उन्हात वायपरचं रबर दोन वर्षं टिकत नाही, आणि हा स्क्रूची हमी देतो! पण गाडी मनात भरलीय, तीच अडचण आहे.

शनिवारी बॉनेट उघडून बसलो. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, आरटीओत घेतात तशी. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे, आर.सी.शी जुळणारे. मग रॉकेलच्या बोळ्याने इंजिन नंबरवरची काजळी काढली. नंबर हाही जुळतो, पण आठचा आकडा ओळीच्या वर चढलाय आणि भोवतालची जागा ग्राइंडर फिरवल्यासारखी गुळगुळीत. बाकीचा ब्लॉक मात्र खरबरीत. तिथे पाल चुकचुकली.

मेस्त्री म्हणतो, "पद्मिनीचं इंजिन असंल, चालतंय की." चालतंय, मान्य. पण ११०० डी आणि तिच्यानंतर आलेली प्रीमियर पद्मिनी, दोन्हींचं इंजिन १०८९ सीसीचंच, त्यामुळे आर.सी.चा सीसीचा रकाना बघून काही कळत नाही. मला पुढे विंटेज नोंदणी (व्हीए मालिका) करायचीय. पन्नास वर्षं झालीत, वीस हजार फी भरायचीही तयारी आहे, पण गाडी मूळ रूपात हवी ही अट आहे. मालकाला न दुखावता खात्री कशी करू?

प्रतिसाद:
नंबर पुन्हा ठोकायला आरटीओची परवानगी लागते. तो कागद आहे का, एवढंच विचारा. ब्लॉकवर ओतकामातच उठून आलेली अक्षरं-आकडे असतील तर फोटो काढा आणि खात्रीच्या ११०० डी च्या ब्लॉकशी ताडून बघा. ठोकलेला नंबर घासता येतो, ओतीव खुणा लपवणं अवघड.

इंजिनपाशीच अडकू नका. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे सुटेल तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. दाराचं रबर सोडवून आतला रंग बघा, आर.सी.तल्या रंगाशी जुळतो का. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के सगळ्या काचांवर एकसारखे आहेत का तेही बघा. एखादी काच बदललेली असली तर त्यात वावगं काही नाही, फक्त भाव करताना लक्षात असू द्या.

आणि जुनी बिलं मागा. पूर्वीची माणसं चिठ्ठीसुद्धा टाकत नसत.

धागाकर्ता:
बिलांचा सल्ला लाख मोलाचा! आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एका गॅरेजचं १९८८ चं बिल निघालं. शाई उडालीय, पण वाचता येतं: "इंजिन असेंब्ली, जुनी, नग १." नातू माझ्याइतकाच चकित. परवानगीचा कागद पेटीत नाही. दारांना चुंबक मात्र घट्ट चिकटतो, आणि रबराखाली आर.सी.तलाच राखाडी रंग आहे.

गाडी सोडवत नाही. उद्या त्या बिलाची झेरॉक्स घेऊन भाव करायला जातोय. विंटेज नोंदणीत बदललेलं इंजिन कोणाचं मंजूर झालं असेल तर अनुभव लिहा.